प्रत्यय गळालेले आकडे

मराठी व्याकरणाच्या शालेय पुस्तकात संख्याविशेषणांचे प्रकार पाठ करावे लागतात. पाच हे गणनावाचक, पाचवा हे क्रमवाचक, पाचपट हे आवृत्तिवाचक, पाच-पाच हे पृथक्त्ववाचक; आणि काही, थोडे, अनेक हे अनिश्चित. परीक्षा संपली की हे सगळं डोक्यातून जातं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. ‘पाच मजले’ आणि ‘पाचवा मजला’ यांत शाळेत न गेलेला माणूसही घोटाळा करत नाही, कारण ‘वा’ हा एवढासा प्रत्यय आपलं काम चोख करतो.

हा प्रत्यय काढून घेतला तर काय होतं, ते पाहायचं असेल तर संगणकाच्या प्रोसेसरांची नावं वाचावीत. ‘४८६ डीएक्स४’, ‘कोअर २ ड्युओ’, ‘कोअर आय७-१०६५जी७’, ‘रायझन ५ ७५२०यू’. एकेका नावात दोन-दोन, तीन-तीन आकडे. पण त्यांतला कुठला मोजायचा, कुठला क्रमाचा, कुठला पटीचा, याचा पत्ता नाही. ‘कोअर २ ड्युओ’मधला २ म्हणजे दुसरा आणि ड्युओ म्हणजे दोन. ‘डीएक्स४’मधला ४ म्हणजे तिप्पट. छापण्यात चूक नाही, तिप्पटच. त्याची हकिकत पुढे येते. आणि ‘आय७’मधला ७ म्हणजे सात, सातवा, सातपट यांतलं काहीच नाही. तरी दुकानात उभा असलेला माणूस पाचापेक्षा सात मोठा एवढं गणित मनाशी करतो आणि पाकिटात हात घालतो. ही नावं इतकी अवघड का झाली, याचं उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. अभियंता, वकील आणि विक्रेता या तिघांनी आळीपाळीने ही बारशी केली आणि प्रत्येकाने आधीच्याचा अर्थ पुसून आपला लिहिला.

पहिली पाळी अभियंत्यांची. इंटेल ही कंपनी १९६८ साली निघाली ती प्रामुख्याने मेमरी चिप बनवण्यासाठी. चिपला नाव नसे, चार अंकी क्रमांक असे. पहिला अंक ती कोणत्या पद्धतीने घडवली ते सांगे, दुसरा तिचं काम सांगे, उरलेले दोन नुसता अनुक्रम. गोदामात माल लावण्यासाठी आणि कॅटलॉगमधून मागवण्यासाठी ही सोय उत्तम होती. पुढे बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी चार चिपांचा एक संच करायचं ठरलं. जुन्या नियमाने त्या चौघींना एकमेकींशी काही नातं न दाखवणारे चार क्रमांक मिळाले असते. त्या कामावरचा इटालियन अभियंता फेडेरिको फॅजिन याने त्यांना एकाच कुळातले क्रमांक द्यायला लावले : ४००१, ४००२, ४००३, ४००४. पहिल्या तीन चिप साठवणुकीच्या आणि जोडकामाच्या, चौथी सगळ्यांना चालवणारी. १९७१च्या नोव्हेंबरात विक्रीला आलेली ही ४००४ म्हणजे बाजारात आलेला पहिला मायक्रोप्रोसेसर. ती चार बिटांची होती, संचही चारांचा, आणि तिचा नंबरही चौथा. आकडा आणि वस्तू यांचं इतकं छान जुळलेलं पुन्हा क्वचितच दिसलं.

तिच्यामागून आठ बिटांची चिप आली. घरात तिला जुन्या पद्धतीने १२०१ म्हणत. बाजारात पाठवताना चाराचे आठ केले आणि ती ८००८ झाली. १९७४ साली तेच अंक फिरवून ८०८०. मग १९७६ची ८०८५. यातला ५ मात्र खरा गणनावाचक आहे : आधीच्या ८०८०ला तीन वेगवेगळे व्होल्टेज पुरवावे लागत, हिला फक्त पाच व्होल्ट पुरत. १९७८ची ८०८६ सोळा बिटांची, पण तिच्या नावात सोळा कुठेच नाही. आणि १९७९ची ८०८८? ही ८०८६चीच स्वस्त आवृत्ती. आतून सोळा बिट, पण बाहेरच्या जगाशी देवघेव आठ-आठ बिटांनी. म्हणजे नंबर मोठा आणि दर्जा खालचा. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी बाजारात आणला तो या ८८वरच. प्रोसेसरच्या नावातला मोठा आकडा म्हणजे मोठी शक्ती, ही समजूत इतक्या जुन्या काळापासून खोटी आहे.

पुढच्या चिपांना नाव देताना मधे एक अंक खुपसला : ८०१८६, ८०२८६, ८०३८६, ८०४८६. लोकांनी पुढचं ८० गाळून टाकलं. भारतातल्या संगणक-वर्गांच्या पाट्यांवरही ‘३८६’, ‘४८६’ असंच असे आणि बोलण्यात ‘थ्री एटी सिक्स’. मागचा ८६ मात्र आडनावासारखा चिकटून राहिला. आजही इंटेल आणि तिची स्पर्धक एएमडी यांचे प्रोसेसर जो आज्ञासंच समजतात त्याला ‘एक्स८६’ म्हणतात; १९७८ सालच्या एका अनुक्रमांकाचं ते उरलेलं शेपूट.

याच काळात अक्षरांनीही आपला रंग दाखवला. ३८६ची एक स्वस्त आवृत्ती निघाली, तिला ‘एसएक्स’ म्हटलं आणि मूळ चिपला ‘डीएक्स’. मुख्य फरक असा की एसएक्सचा बाहेरचा डेटामार्ग बत्तीसऐवजी सोळा बिटांचा. पुढे १९९१ साली ४८६ची एसएक्स आली तेव्हा जाणत्यांनी तोच अर्थ धरला असता तर फसले असते. इथे मार्ग पुरा होता. नव्हता तो अपूर्णांकांची गणितं करणारा विभाग. सुरुवातीच्या चिपांत तर तो विभाग जागेवर होता, फक्त बंद केलेला. ज्याला तो हवा असेल त्याच्यासाठी ‘४८७एसएक्स’ नावाची जोडचिप विकायला ठेवली. ही जोडचिप म्हणजे प्रत्यक्षात एक अख्खी ४८६डीएक्सच होती. ती शेजारच्या खाचेत बसवली की आधीची चिप गप्प होई आणि सगळं काम ही नवी करी. नावावरून ही मदतनीस, कामावरून नवी मालकीण.

मग १९९२ची ‘डीएक्स२’. यातला २ सच्चा आवृत्तिवाचक : बाहेरच्या ठोक्याच्या दुप्पट वेगाने आतला गाभा चाले. दोन वर्षांनी ‘डीएक्स४’ आली आणि सगळ्यांना वाटलं चौपट. ३३ मेगाहर्ट्झचे शंभर झाले; २५चे पंचाहत्तर. हिशोब ज्याने त्याने करावा. ‘डीएक्स३’ नावाची चिप इंटेलने विकलीच नाही.

दुसरी पाळी वकिलांची. आयबीएमला एकाच पुरवठादारावर विसंबायचं नव्हतं, म्हणून इंटेलने एएमडीलाही तीच चिप बनवायची परवानगी दिली होती. ३८६च्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला. एएमडीने मग स्वतःची ‘एएम३८६’ तयार करून १९९१ साली बाजारात आणली. ३८६ हे आमचं नाव आहे, असं म्हणत इंटेल कोर्टात गेली आणि हरली. तेव्हापासून एक वाक्य जिथे तिथे ऐकू येतं : ‘आकड्यावर ट्रेडमार्क मिळत नाही.’ ते तितकंसं खरं नाही. कोलोनचं ४७११ हे अत्तर आहे, लेव्हायची ५०१ जीन आहे, आणि आपल्याकडे टाटांच्या कारखान्यातून निघालेला ५०१ साबण कपड्यांच्या बादलीशेजारी वर्षानुवर्षं होताच. कोर्टाचा मुद्दा वेगळा होता. ३८६ म्हटल्यावर लोकांच्या मनात बनवणारा उभा राहत नाही, चिपचा प्रकार उभा राहतो, हा तो मुद्दा. आपल्या व्याकरणात सांगायचं तर विशेषनामाचं सामान्यनाम झालं होतं. डालड्याचं झालं तसं, झेरॉक्सचं झालं तसं. फरक एवढाच की डालड्याचे मालक निदान एक शब्द गमावून बसले. इंटेलने गमावला तो एक क्रमांक, आणि ‘५८६’, ‘६८६’ अशी पुढची सगळी रांगही त्याच वाटेने जाणार हे उघड झालं.

म्हणून पाचव्या पिढीच्या चिपला आकडा न देता शब्द द्यायचं ठरलं. लेक्सिकॉन ब्रँडिंग या नावं घडवणाऱ्या अमेरिकन संस्थेने शब्द काढला ‘पेंटियम’. १९९२च्या ऑक्टोबरात तो जाहीर झाला आणि मार्च १९९३मध्ये चिप आली. ग्रीक ‘पेंटे’ म्हणजे पाच, आणि आपलं ‘पंच’ आणि हे ‘पेंटे’ एकाच जुन्या मुळाचे. शेवटचं ‘इयम’ मूलद्रव्यांच्या नावांतून उचललेलं : सोडियम, हेलियम, रेडियम. एखादं मौल्यवान, नव्यानेच सापडलेलं द्रव्य असावं असा भास त्या तीन अक्षरांनी होतो. मराठीत या ‘इयम’चा अनुभव आधीचाच आहे. मोटारसायकलच्या मडगार्डवर चमकणारी पट्टी चिकटवतात तिला आपण बिनदिक्कत ‘रेडियम’ म्हणतो. तिच्यात रेडियमचा कणही नसतो, तरी शब्दाचा झगमगाट लागू पडतो. ‘पेंटियमचे जनक’ म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले. पेंटियमनंतर त्यांनी इंटेल सोडली, नेक्सजेनमध्ये गेले, एएमडीने ती कंपनी घेतली आणि तिथे त्यांच्या हातून पेंटियमची स्पर्धक ‘के६’ घडली. त्या ‘के’चाही किस्सा आहे : सुपरमॅनला हतबल करणाऱ्या ‘क्रिप्टोनाइट’चं ते आद्याक्षर. सुपरमॅन कोण, ते सांगायला नको.

इकडे ५८६ हा आकडा बेवारस पडला होता, तो ज्याने त्याने उचलला. नेक्सजेनने ‘एनएक्स५८६’ काढली, सायरिक्सने ‘५एक्स८६’, एएमडीने ‘एएम५एक्स८६’. यांतली एएमडीची चिप आतून ४८६च होती, फक्त तिचा वेग बाहेरच्या ठोक्याच्या चौपट केलेला. म्हणजे खऱ्या चौपटीला ‘पाच’ आणि खऱ्या तिपटीला ‘चार’.

कायद्यापुरतं पेंटियम हे नाव पक्कं झालं, पण त्यातला पाच आता अडचणीचा ठरू लागला. सहाव्या पिढीचं नाव काय ठेवायचं? ‘हेक्सियम’ म्हणावं तर लाखो लोकांच्या ओठांवर बसवलेला शब्द फेकून द्यावा लागला असता. तेव्हा नाव तेच ठेवून पुढे शेपट्या लावल्या : १९९५ साली पेंटियम प्रो, १९९७ साली रोमन दोन, १९९९ साली रोमन तीन. आणि २००० साली रोमन सोडून साधा ४. पेंटियम ४ या नावाचा शब्दशः अर्थ लावायला बसलं तर हाती येतं ‘पंचक चौथं’.

मराठी भाषाशास्त्रात ‘अर्थापकर्ष’ अशी संज्ञा आहे. शब्दाची किंमत काळाबरोबर घसरते. ‘शहाणा’ हा शब्द रागाने उच्चारला की नेमका उलटा अर्थ देतो. ‘दादा’ थोरला भाऊही आणि गल्लीतला गुंडही. पेंटियमचं अगदी असंच झालं. १९९३ साली तो इंटेलचा मुकुटमणी होता. २००६नंतर ‘कोअर’ आला आणि पेंटियम खालच्या पायरीवर सरकला, स्वस्तातल्या लॅपटॉपांवरचा शिक्का झाला. २०२२मध्ये इंटेलने जाहीर केलं की लॅपटॉपांसाठी पेंटियम आणि त्याहून स्वस्त सेलेरॉन ही दोन्ही नावं आता बंद. त्यांच्या जागी नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’. सामान्यनाम होण्याच्या भीतीने जिने आकडा सोडला, त्याच कंपनीने तीस वर्षांनी आपल्या चिपला निव्वळ सामान्यनाम दिलं. पण अर्थापकर्षाला हेच शोभतं : तळाच्या मालावर आता कुणी डल्ला मारणार नव्हतं.

सेलेरॉनची व्युत्पत्ती तर क्रूर विनोदच म्हणावा. लॅटिन ‘सेलेर’ म्हणजे चपळ. १९९८च्या एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमधून पैसे वाचवण्यासाठी दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी अजिबात काढून टाकली होती आणि त्यापायी ती चांगलीच रेंगाळे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली ‘३००ए’ मात्र १२८ किलोबाइट कॅश पोटात घेऊन आली; ३०० मेगाहर्ट्झची ही चिप हौशी मंडळी सर्रास ४५०वर पळवत. स्वस्त सोनुबाईच्या हाती तेव्हा खरोखर सोनं लागलं.

त्या सुमारास लॅटिन-ग्रीक कोश उघडून ‘ऑन’ लावण्याची साथच आली होती. एएमडीचा ‘ॲथलॉन’ ग्रीक स्पर्धेतल्या बक्षिसावरून, ‘ड्युरॉन’ लॅटिन टिकाऊपणावरून, ‘सेम्प्रॉन’ लॅटिन ‘सेम्पर’ म्हणजे सदासर्वदा यावरून, ‘ऑप्टेरॉन’ लॅटिन ‘ऑप्टिमस’ म्हणजे सर्वोत्तम यावरून. इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन या वैज्ञानिक घराण्याची झूल अंगावर घातलेली ही सगळी मंडळी. त्यांतले टिकाऊ आणि सदासर्वदा दोघेही तळच्या किमतीचे होते आणि दोघेही बंद झाले.

तिसरी पाळी विक्रेत्यांची. २०००च्या आसपासपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात एक खरं मोजमाप होतं : मेगाहर्ट्झ. चिपच्या ठोक्याचा वेग. तोच आकडा पेटीवर मोठ्या अक्षरांत असे. पण ठोका वेगवान असला तरी एका ठोक्यात काम किती होतं हा प्रश्न उरतोच. पेंटियम ४चा ठोका जलद आणि दर ठोक्याला काम कमी, एएमडीचं उलट. म्हणून २००१च्या ऑक्टोबरात एएमडीने आपल्या ॲथलॉन एक्सपीवर ठोक्याऐवजी मान छापला : ‘१८००+’. तिचा खरा ठोका १५३३ मेगाहर्ट्झचा. पेटीवर आकडा, पुढे अधिकचं चिन्ह, आणि एकक कुठलंच नाही. गिऱ्हाइकाने ते मेगाहर्ट्झच वाचावं अशी ती रचना.

२००४ साली इंटेलनेही एकक सोडलं, कारण पेंटियम ४ आता तापून तापून वेग वाढवू शकत नव्हता. ४ गिगाहर्ट्झची ठरलेली चिप त्याच वर्षी रद्द करावी लागली. शिवाय लॅपटॉपांसाठीचा पेंटियम एम कमी ठोक्यात बरोबरीचं काम करी, तो १.७चा, हा ३.४चा, असं शेजारी शेजारी लिहिलं तर चांगलाच माल वाईट दिसायचा. तेव्हा नवे क्रमांक आले : सेलेरॉन ३००च्या घरात, पेंटियम ४ ५००च्या घरात, पेंटियम एम ७००च्या घरात. ३.४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ झाला ‘५५०’, १.७ गिगाहर्ट्झचा पेंटियम एम झाला ‘७३५’. बीएमडब्ल्यू मोटारींच्या ३, ५, ७ या मालिकांची आठवण तेव्हाच अनेकांना झाली. इथे आकड्याची जात बदलली. तो गणना करत नव्हता, क्रम लावत नव्हता, पट सांगत नव्हता. तो मान सांगत होता, दरबारातली बसण्याची जागा. व्याकरणात या प्रकाराला नाव नाही. आपण ‘मानवाचक’ म्हणू.

मानवाचक पुरता रुजण्याआधी एकदा गणनावाचक आणि क्रमवाचक यांची टक्कर झाली. २००६च्या जानेवारीत एका गाभ्याची ‘कोअर सोलो’ आणि दोन गाभ्यांची ‘कोअर ड्युओ’ निघाली. सहा महिन्यांनी पुढची पिढी आली ती ‘कोअर २ ड्युओ’. मग एक गाभा असलेली ‘कोअर २ सोलो’ आणि चार गाभ्यांची ‘कोअर २ क्वाड’. यात ‘कोअर’ हा शब्द म्हणजे गाभाही आणि ब्रँडही, त्यामुळे ‘कोअर २ सोलो’ कानांना ‘दोन गाभ्यांचा एकटा’ असं ऐकू येतं. त्यातच २००७ साली ‘पेंटियम ड्युअल-कोअर’ आली. आपल्याकडच्या दुकानांत त्या काळी दर विचारला की उलटा प्रश्न येई : ‘ड्युअल कोअर पाहिजे की कोअर टू ड्युओ?’ तार्किकदृष्ट्या प्रश्नाला अर्थ नाही. दोन्हींत गाभे दोनच. बाजाराच्या भाषेत मात्र तो अगदी नेमका होता : पहिला म्हणजे स्वस्त, दुसरा म्हणजे महाग. दुकानदाराने गणनावाचकाचा मानवाचक आधीच करून टाकला होता.

२००८च्या नोव्हेंबरात आय७ आला, पुढच्या वर्षी आय५, २०१०च्या सुरुवातीला आय३. २०१७ साली आय९. हे विषम अंक गाभे मोजत नाहीत. पहिल्या आय५ घराण्यातच ७५० ही चार गाभ्यांची आणि ६५० ही दोन गाभ्यांची. २०१६ची लॅपटॉपवरची आय७-७५००यू घ्या : गाभे दोन. त्याच पिढीची लॅपटॉपवरची आय३-७१००यू : गाभे दोन. आणि डेस्कटॉपवरची आय५-७४०० : गाभे चार. ‘माझा आय७ आहे’ या वाक्यातून एवढंच कळतं की त्या दुकानात त्या वर्षी तो आय५च्या वरच्या फळीवर ठेवला होता.

फळ्या इतक्या का, यालाही कारण आहे. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर शेकडो सारख्या चिप घडतात, पण सगळ्या सारख्या उतरत नाहीत. कुणाचा एक गाभा बाद, कुणी जास्त तापते, कुणी कमी विजेत जास्त पळते. बाद गाभे बंद करून, ठोका ठरवून त्यांची प्रतवारी लावतात आणि एकाच आराखड्याच्या चिप आठ-दहा नावांनी विकतात. रत्नागिरीच्या हापूसचंही तसंच. तिथे पाच डझनी पेटीतला आंबा चार डझनीपेक्षा लहान असतो, आकडा मोठा आणि फळ छोटं. पण ‘डझनी’ हा शब्द पाठीला असल्याने कुणी फसत नाही. चिपच्या क्रमांकाला तो ‘डझनी’ जोडलेला नसतो.

मानवाचकाच्या पाठीमागे मग पिढी लावली. २०११पासून आय७-२६००मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. ३७७० तिसरी, ४७७० चौथी. आठ वर्षं लोक शिकले. ‘आय फाइव्ह आहे, पण कितवं जनरेशन?’ हा प्रश्न मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पोराटोरांच्या तोंडी बसला. ‘कितवं’ हा शब्द लक्षात घ्यावा : कंपनीने गाळलेला प्रत्यय ग्राहकाने आपल्या पदरचा घालून वाचायला सुरुवात केली होती. तेवढ्यात दहावी पिढी उगवली आणि एक अंकाची जागा दोन अंकांनी घ्यायची वेळ आली. २०१९च्या ऑगस्टमध्ये लॅपटॉपांसाठी पाठोपाठ दोन आय७ आल्या : ‘१०५१०यू’ आणि ‘१०६५जी७’. पहिलीत दहा अधिक पाचशे दहा. दुसरीत दहा अधिक पासष्ट, आणि मागचा जी७ म्हणजे चित्रदर्शन विभागाची पायरी. दोन्ही दहाव्या पिढीच्या, पण पहिली जुन्या १४ नॅनोमीटरच्या आणि दुसरी नव्या १० नॅनोमीटरच्या प्रक्रियेची. साध्या माणसाने वाचलं तर दहा हजार पाचशे दहा कुठे आणि एक हजार पासष्ट कुठे! आकडा दसपट मोठा, वस्तू जुनी. १०६५ हा आकडा दहा-पासष्ट असा तोडायचा की एक-शून्यपासष्ट असा, हे आकड्यात लिहिलेलं नाही. ते ज्याला आधीच माहीत त्यालाच कळणार.

एएमडीने २०१७ साली ‘रायझन’ आणला तो ३, ५, ७ हेच मान उचलून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दरबारात त्याच गाद्यांवर आपली माणसं बसवून. मग २०२२च्या सप्टेंबरात लॅपटॉपांच्या चिपांसाठी तिने नवी चार अंकी पद्धत जाहीर केली आणि ती उलगडायला चक्क एक फिरतं चक्र छापलं. पहिला अंक वर्ष : ७ म्हणजे २०२३. दुसरा मान. तिसरा आतली रचना : २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३. चौथा वरची-खालची बाजू. आता ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू या तीन रायझन ५ चिप शेजारी ठेवा. साध्या नजरेला दहा-दहाचा फरक, सख्ख्या भावंडांची उंची. प्रत्यक्षात पहिली झेन २ची, दुसरी झेन ३ची, तिसरी झेन ४ची. झेन २ ही रचना २०१९ सालची. तिच्यावर २०२३चा ७ छापला होता. चक्र खोटं बोलत नव्हतं, फक्त महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या जागी आणि तारीख पहिल्या जागी लिहीत होतं. इंटेलने २०२३च्या शेवटी याच ७५२०यूवर बोट ठेवून जुना माल नव्याने विकल्याचा आरोप केला आणि काही दिवसांतच तो मजकूर मागे घेतला. तिची स्वतःची डेस्कटॉपची चौदावी पिढी ही तेराव्या पिढीचीच डागडुजी केलेली आवृत्ती होती. दर जानेवारीत लॅपटॉप कंपन्यांना नवा आकडा हवा असतो. नवी रचना दर जानेवारीत जन्माला येत नाही. ‘आकडा’ हा शब्द ज्या ‘अंक’पासून आला त्याचा संस्कृतात वाकडी आकडी असाही अर्थ आहे, आणि वार्षिक नंबरांचा उपयोग तोच.

कंपनीच्या आत, कारागीर आपसांत बोलताना, हे नंबर वापरत नाहीत. तिथे सांकेतिक नावं चालतात, आणि ती बहुधा नकाशातून येतात, कारण गावाच्या नावावरून कुणी खटला भरत नाही. इंटेलचे क्लामथ, डेशूट्स, विलामेट हे सगळे ओरेगॉनच्या परिसरातल्या नद्यांचे नामधारी. इस्रायलच्या केंद्रात एका चिपला ‘गेशेर’ म्हणत, हिब्रूत पूल. पण त्याच नावाचा तिथे एक राजकीय पक्ष होऊन गेला होता, म्हणून ‘सँडी ब्रिज’. एएमडी सर्व्हरच्या चिपांना इटालियन शहरं देते : नेपल्स, रोम, मिलान, जिनोआ. लॅपटॉपांना काही काळ चित्रकार दिले : रेन्वार, सेझान, रेम्ब्राँ. आणि वर ज्या ७५२०यूची गोष्ट आली तिचं घरचं नाव ‘मेंडोसिनो’. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं हेच नाव १९९८ साली इंटेलच्या त्या सेलेरॉन ३००एचं होतं. दोन स्पर्धक, चोवीस वर्षांचं अंतर, आणि दोन्हीकडे स्वस्तातली चिप.

मग नुसतीच नावं ठेवावीत, आकडे नकोतच, असं वाटू शकतं. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. ‘परम’ हे ‘पॅरलल मशीन’चं आखूड रूप आणि संस्कृत श्रेष्ठही, असा दुहेरी बसलेला शब्द. पुढे आकडे गळाले आणि परम पद्म, परम युवा, परम ब्रह्म अशी सुरेख नावं आली. पण ब्रह्म आधी की पद्म आधी, हे नावावरून कुणाला सांगता येणार नाही. आकडा फसवतो; शब्द क्रमच सांगत नाही. एआरएम या कंपनीने यातून एक गमतीशीर वाट काढली. तिच्या ‘कॉर्टेक्स’ घराण्याच्या मूळ तीन शाखांना ए, आर, एम अशी अक्षरं दिली. मोठ्या उपकरणांची ए, तात्काळ प्रतिसादाची आर, छोट्या नियंत्रकांची एम. तिन्ही मिळून कंपनीचं नाव. अक्षराला काम दिलं, आकडा त्याच्या शाखेपुरता ठेवला.

आता ‘आय’ही मागे पडला. २०२३च्या अखेरीपासून ‘कोअर अल्ट्रा ५ १२५यू’ आणि लगोलग ‘कोअर ५ १२०यू’. पाचाचा फरक दिसतो, पण अल्ट्रा नसलेली चिप आतून मागच्या रचनेची आहे. एएमडीकडे ‘रायझन एआय मॅक्स+ ३९५’. मॅक्सच्या पुढेही अधिक. विशेषणांचा कमाल दर्जा संपला की व्याकरण थांबतं, विक्री थांबत नाही.

या साऱ्या नावांत विश्वास ठेवावा असा एक तुकडा उरतो : शेवटचं अक्षर. यू म्हणजे साधारण १५ वॅटची चिप, एच म्हणजे ४५च्या आसपासची. एफ म्हणजे चित्रदर्शन विभाग नसलेली. वॅट म्हणजे उष्णता, आणि उष्णता छपाईने कमी-जास्त होत नाही. म्हणून लॅपटॉप घेताना आय५ एच आणि आय७ यू समोर आले आणि काम तासन्‌तास जड चालणार असेल, तर पाच-सातच्या भानगडीत न पडता ते अक्षर वाचावं, मग रचना कोणत्या सालची ते विचारावं, मग गाभे मोजावेत. मधल्या आकड्याला ‘वा’ लागत नसेल, ‘पट’ लागत नसेल, आणि तो काही मोजतही नसेल, तर तो किंमतवाचक आहे. त्याची जागा बिलावर आहे, निवडीत नाही.